मधलं साल

साहेब, तुम्ही न्यायाच्या खुर्चीवर बसलात आणि एका शब्दाने पार्बताबाईचं रान नेलंत. तो शब्द तिच्या भाषेतला नव्हता. तुमच्या भाषेतला होता, तरी त्याचा अर्थ तुम्ही पुरता लावला नाही. आता काय झालं ते ऐका.

अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडाची आठवण झाली. तेल्हाऱ्यात दवंडी फिरली: पडीक रान मोडून जो लागोपाठ तीन पिकं कापसाची काढील, रान त्याच्या नावावर होईल. पार्बताबाई विधवा. तिने नाल्याकाठचं कुंद्याच्या गवताने माजलेलं रान धरलं. कुंदा असा वैरी, की वरून कापावा तर खालून हसतो. तिने तो मुळासकट खणला, हाताची कातडी गेली तरी खणला. मग पराटी, म्हणजे कापूस, पेरली. दुसऱ्या साली जवारी, मग पराटी, पुन्हा जवारी, पुन्हा पराटी. काळ्या मातीला पालट द्यायचा असतो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. भूक लागल्यावर जेवावं तसं ते तिला ठाऊक होतं.

शेजारच्या रानात तिचा दीर नत्थुजी कापसावर कापूसच पेरत गेला. "वयनी, सोनं सोडून जवारी काहून पेरून राहिली?" तो हसायचा. सगळं गाव पांढरं झालं आणि बाजारात दाणा दिसेना, तेव्हा नत्थुजीच्या चुलीवर हिच्याच जवारीची भाकर भाजली गेली. भाकर खातानाही तो हसलाच.

अखेर आमराईत तुमचा तंबू पडला. दुभाषी अमरावतीचे वामनराव. पगडी नीटनेटकी, बोलणं मऊ.

"बाई, हुकमात 'कॉन्सिक्युटिव' असा शब्द आहे. म्हणजे लागोपाठ, एकामागून एक. तुमच्या पिकांच्या मधात जवारी आली. नत्थुजीचं रान नत्थुजीला मिळालं. तुमचं सरकारजमा."

"कापसाचं पहिलं पीक आलं, मंग दुसरं, मंग तिसरं. आता एकामागं एक आणखी कसं असते?"

"पण मधलं साल कापसाविना खाली गेलं ना."

"खाली? गाव जेवलं त्या सालावर!" ती वामनरावांकडे वळली. "भाऊ, तुमाले लेकरं किती?"

वामनराव चपापले. "तीन."

"लागोपाठचे?"

"हो. तिघंही लागोपाठचे."

"मंग मधात एखादं-दुसरं साल बायकोच्या पोटाले आराम देल्ला का नाई? का दरसाल एक काढलं?"

तंबूबाहेर हशा पिकला. सगळ्यात मोठा नत्थुजीचा.

"तरी दुसरं लेकरू दुसरंच राह्यलं नं? तुमी त्याले लागोपाठचंच म्हणता नं? हे सायबाले सांगा. अन् हेही सांगा, आराम नाई भेटला त माय मरते. या नत्थुजीची औंदाची पराटी पाहा. गुडघ्याच्या वर यायले तयार नाई."

नत्थुजीचं हसू तोंडातच राहिलं. तो खाली, आपल्या पायांकडे पाहू लागला.

तुम्ही विचारलंत, बाई काय म्हणते? वामनरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या पार्बताबाईला दिसल्या. ते तुमच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलले. एका दमात संपलं. तुम्ही मान हलवलीत, सही ठोकलीत, पुढचा माणूस बोलावलात.

शिपाई म्हणाला, "ऊठ बाई."

ती उठली नाही. तिने पदर खोचला आणि तंबूच्या दारातच ठाण मांडलं. मागून येणाऱ्याला वाट राहिली नाही. नत्थुजी हळूच पुढे आला. "वयनी, चाल घरी," तो म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"मी हलत नाई. वामनराव, मले इंग्रजी येत नाई. पण माह्यं एवढं बोलणं तुमच्या एवढ्याशा वाक्यात मावत नाई, हे मले कळते. लेकरांचं सांगितलं का? मायचं सांगितलं का? खाली नका पाहू. माह्या तोंडाकडं पाहून बोला, काय सांगितलं तुमी सायबाले?"