वायसर माझ्याखालून जाईना

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी शटर आहे, आणि ही हकिकत सांगताना मला मान वर करता येत नाही. शटराला कुठली आली मान, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण लाज मला आहे, आणि ती गंजासारखी घासूनही जात नाही.

एका कारखान्यात पत्र्याच्या लांब पट्ट्या वाकवून एकमेकींत ओवल्या, वरच्या नळीवर जाडजूड स्प्रिंग चढवली आणि मी तयार झालो. माझं वजन दोन माणसांएवढं. ते सगळं स्प्रिंग पेलते, म्हणून मला एका हातानं उचलता येतं. मला बसवलं ते चक्क शटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या दुकानाला. मला वाटलं, नशीब फळफळलं! वैद्याच्या घरात औषधाची काय वाण? पहिली काही वर्षं तसंच होतं. महिन्याच्या महिन्याला तेल मिळायचं. मिस्त्री गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "बघा, लोण्यासारखं चालतं." मग त्यांची कामं वाढली. इतरांची शटरं गुळगुळीत झाली आणि मी करकरायला लागलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

गेल्या वर्षी मिस्त्रींच्या लेकीनं एक पिल्लू आणलं. पहिल्याच दिवशी त्यानं बोल्टखाली घालायची एक चकती, म्हणजे वायसर, गिळली आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी परत केली. तेव्हापासून त्याचं नाव वायसर पडलं. मिस्त्रींचं घर दुकानाच्या मागेच आहे, दोन खोल्यांचं. बाहेर जायचं तर माझ्याखालूनच जावं लागतं. सकाळी मी करकरलो की वायसर शेपटी हलवत धावत यायचा. माझ्या करकरण्यावर जीव असणारा तो एकटाच होता. दुपारी तो माझ्याखाली उंबऱ्यावरच ताणून द्यायचा.

तो सहा महिन्यांचा असताना माझी स्प्रिंग तडकली. मिस्त्रींच्या कानाला ते लगेच कळलं. "आपलंच आहे, करू सवडीनं," ते म्हणाले. ती सवड चार महिने मिळाली नाही.

वायसर दहा महिन्यांचा झाला होता, अंगानं थोराड आणि अकलेनं पोर. एका दुपारी तो झोपलेला असताना स्प्रिंग तुटली आणि मी धाडकन खाली आलो. त्याच्या शेपटीपासून फक्त वीतभर अंतरावर आपटलो. त्याला खरचटलंसुद्धा नाही. म्हणून सगळे म्हणाले, "थोडक्यात निभावलं."

पण निभावलं नव्हतं. वायसर त्या दिवसापासून माझ्याखालून जाईना. मिस्त्रींनी कुठलीशी जुनी स्प्रिंग लावून माझं काम भागवलं, पण त्याचं काय? कुकरची शिट्टी झाली की तो पलंगाखाली शिरे. हातातून पाना पडला की थरथर कापे. बाहेर जाता येईना म्हणून त्यानं नव्या कुलपांच्या खोक्यावर मुतून ठेवलं. मिस्त्री वैतागले. "भित्रा कुठला! लाडानं डोक्यावर बसलाय."

मिस्त्रींचा एक नियम आहे. स्प्रिंग बसवली की शटर एकवीस वेळा वर-खाली करायचं, म्हणजे ती अंगवळणी पडते. तोच नियम त्यांनी कुत्र्याला लावला. वायसरला उचलून बाहेर नेलं, समोरच्या खांबाला बांधलं आणि ते मला वर नेऊन खाली आपटू लागले.

"बाबा, तुम्ही स्प्रिंग बसवताय की कुत्रा सांभाळताय?" लेक रडवेली होऊन ओरडली.

"तू मध्ये बोलू नकोस. एकदा भीती मोडली की सुतासारखा सरळ येईल."

पहिल्या खेपेला वायसर केकाटला. पाचव्या खेपेला उभ्या उभ्या मुतला. मग अगदी गप्प झाला. "बघ, झाली सवय," मिस्त्री म्हणाले. सवय कसली, मित्रांनो! मी त्याच्या समोरच होतो. त्याचे डोळे मला दिसत होते आणि मला थांबता येत नव्हतं. बाराव्या खेपेला त्याच्या गळ्यातला पट्टा तुटला आणि तो रस्त्यावर धावत सुटला. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून तो वाचला. दोन तासांनी तो शेजारच्या लॉन्ड्रीच्या ओट्याखाली सापडला.

मिस्त्री भेदरले होते, पण बोलले रागानं. "रविवारी गावाबाहेरच्या गोदामाचा राखणदार येईल, त्याला देऊन टाकू. तिकडे मोकळी जागा आहे." लेक दोन दिवस जेवली नाही. शेवटी तिनंच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांच्या दवाखान्याचं शटर मिस्त्रींनीच बसवलेलं, म्हणून त्या दुकानात आल्या.

"कधीपासून असं वागतोय?" त्यांनी विचारलं.

"आपोआपच बिघडला हो," मिस्त्री म्हणाले.

लेक नुसती बापाकडे बघत राहिली. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला, आवाज न करता. "आपोआप नाही," ते म्हणाले. "शटर पडलं. स्प्रिंग तडकलेली मला माहीत होती. आणि नंतर मीच ते त्याच्यासमोर आपटलं, बारा वेळा."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "या वयात कुत्री अशीच बिचकतात, त्यात हा दणका. भीती मोडायची नसते हो, हळूहळू उतरू द्यायची असते. लांबून, बारीक आवाजानं सुरुवात करा. आवडीचा खाऊ द्या. तो मागे सरला तर तुम्हीही मागे सरा."

रविवारी राखणदार दोरी घेऊन आला, तेव्हा मी पट्टी पट्टी सुटी होऊन फुटपाथवर पडलो होतो. मिस्त्री रॉकेलनं माझा गंज काढत होते.

"कुत्रा द्यायचा नाही," ते मान खाली घालूनच म्हणाले. "दोष त्याचा नव्हता."

मग मला नवी स्प्रिंग मिळाली, तेल मिळालं. रोज सकाळी लेक वायसरला पार मागच्या खोलीत खाऊ देई आणि मिस्त्री मला चार बोटं उचलत. मग वीतभर, मग हातभर. पूर्ण दीड महिना लागला. गेल्या आठवड्यात एका दुपारी वायसर स्वतःहून आला, मला हुंगून उंबऱ्यावर एक पंजा बाहेर टाकून झोपला. मला खाली ओढून आत जेवायला जाण्याऐवजी मिस्त्री ताट मागवून दुकानातच स्टुलावर बसून जेवले.

मित्रांनो, तुमच्या घरात काही करकरत असेल तर आजच तेल घाला, सवडीवर टाकू नका. आणि कुणी घाबरलं तर त्याला भित्रा म्हणण्याआधी आवाज कुणी केला ते विचारा.

आता मिस्त्री मला दोन्ही हातांनी धरून हळूच खाली आणतात. शेवटची वीतभर जागा उरली की वायसर अजूनही कान मागे पाडतो आणि माझ्याकडे बघतो. तेवढी वीतभर मला रोज त्याच्या डोळ्यांसमोरून उतरावी लागते.