घरमालकाचं नाव

फेब्रुवारी लागला की लिंबागणेशच्या शाळेत पोरांच्या आधी मास्तरांचीच परीक्षा सुरू होते. आयकराचा फॉर्म. आकड्यांचं डोकं रामकिसन सरांना, म्हणून मधल्या सुट्टीत सगळे त्यांच्यापुढं रांग लावतात.

गेल्या साली बाळंतपणाच्या रजेत शाईस्ता मॅडमचा फॉर्म कोणी भरला तेही तिला ठाऊक नव्हतं. यंदा मात्र ती बँकेचा व्याजाचा दाखला घेऊन ऐटीत गेली.

"सर, घरकर्जाचं व्याज वजा होईल ना?"

"होतंय की. घर कोणाच्या नावावर हाय?"

तिला वाटलं, हा काय प्रश्न झाला? पिशवीतले होते नव्हते ते कागद तिनं पुढं केले. सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. लाईटबिल नवऱ्याच्या, ख्वाजाच्या नावावर. घरपट्टीवर अजून घर विकणारे सुंदरराव. आणि खरेदीखतावर सासू, रुकसानाबी.

"मॅडम, तीन नावं झाली, अन् हप्ता भरनारी चौथीच. तुमचं नाव कुठंय?"

"कर्जावर आहे ना. अम्मीचं अन् माझं."

"कर्जावर असून काय भागतंय? घरावर बी पाहिजे, तवाच वजावट."

"म्हणजे पगार माझा कापतात, पण घर माझं नाही?"

"हे मला कशापायी विचारता? घरी विचारा."

शाईस्ता कागद पिशवीत भरू लागली. खरेदीच्या दिवशी सही तीच करणार होती. बाईच्या नावावर मुद्रांक एक टक्का कमी लागतो, म्हणून सगळं ठरलेलं. पण त्याच सकाळी पोटात कळा सुरू झाल्या. तारीख सुटू नये म्हणून ख्वाजानं आईला नेलं, अंगठा घेतला. नाव नंतर लावू म्हणाले. नंतर जोया आली, आणि 'नंतर' राहूनच गेलं.

सरांना दया आली. त्यांनी एक कोरी पावती काढून दिली.

"एक वाट हाय. पुढल्या वर्षी सासूबाईंना दर महिन्याला खरोखरचं भाडं द्या, पावती घ्या. घरभाड्याची सूट मिळंल."

पावतीवर दोन रकाने होते. घरमालकाचं नाव. भाडेकरूचं नाव. पाली गावातल्या घरापर्यंतच्या अख्ख्या वाटेत शाईस्ता ते दोन रकाने वाचत राहिली. जिथं आपण फरशीचा रंग निवडला, तिथं आपण भाडेकरू? आणि सूट मिळवायला हेच कबूल करायचं?

घरी रुकसानाबी मेथी निवडत होती. जोया काड्या पसरत होती. ख्वाजा गॅरेजवरून जेवायला आलेला, हाताला ग्रीस. शाईस्तानं चाचरत सगळं सांगितलं.

"मंग मला बी भाडं लाव अम्मी," ख्वाजा हसला. "मी बी राहतो इथंच."

रुकसानाबी हसली नाही. पावती हातात घेऊन तिनं विचारलं, "यात माझा अंगठा कुठं?"

"इथं. घरमालक."

"अन् तू?"

"भाडेकरू."

"अन् ही?" तिनं जोयाकडं बोट केलं.

शाईस्तानं पावती पुन्हा पाहिली. असा रकानाच नव्हता.

"त्या दिवशी म्हणले, दोन घंट्याचं काम हाय," रुकसानाबी हळू बोलली. "दिवस गेला. दवाखान्यात आले तर पोर झालती, दुपट्यात गुंडाळलेली. पहिल्यांदा मी घ्यायची होती तिला. नर्सनं घेतली. त्या कागदापायी एकदा गमावलं, आता सून बी भाडेकरू करू?"

तिनं पावतीची घडी करून मेथीच्या काड्यांत टाकली.

"सोमवारी मला त्या हापिसात ने. तुझं नाव लावून टाकू. काय खर्च येतो तो येऊ दे."

खर्च किती येईल, वजावट किती मिळेल, दोन्हींत जास्त काय, शाईस्ताला काहीच उमगलं नाही. एवढंच कळलं की जोया आजीच्या मांडीवर जाऊन बसलीय आणि अजून कोणी जेवायला वाढलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्याजाच्या रकान्यात तिनं शून्य लिहिलं. या महिन्याचा पगार चांगलाच कापला जाणार होता.

"अन् ती पावती?" सरांनी विचारलं.

"भाडेकरू मिळाला नाही, सर," ती म्हणाली. "अन् सोमवारी मी रजा टाकतेय."