हळू विझणारे दिवे

गफ्फारनं तिन्ही दिवे छताला एका रांगेत टांगले, शिडीवरून उतरला आणि किसनरावला म्हणाला, "मधल्या रांगेत बस. वर पाहू नको. समोर पाह्य."

बुलढाण्याच्या त्या सभागृहाची दुरुस्ती चालली होती. सभागृह एका मंडळाचं होतं आणि गफ्फार तिथं अठ्ठावीस वर्षं दिवे सांभाळत होता. प्रेक्षकांच्या डोक्यावरचे जुने पिवळे बल्ब निम्मे गेले होते, उरलेले इतके तापायचे की पहिला अंक संपेपर्यंत लोक पत्रिकेनं वारा घ्यायला लागत. आता एलईडी बसवायचे होते. कोणते, ते ठरवायला अध्यक्षांनी दोघांना सांगितलं होतं. गफ्फारला काम कळतं म्हणून, आणि किसनरावनं त्या रंगमंचावर वीस वर्षं नाटकं केली होती म्हणून. किसनराव देऊळघाटचा. पाच एकर शेती, सगळी कपाशीची. तालमीच्या दिवसांत तो शेतातूनच यायचा, चपलेला माती तशीच.

पहिला दिवा भक्क पांढरा होता. "दवाखान्यात बसल्यासारखं वाटते," किसनराव म्हणाला. दुसऱ्याचा उजेड बरा होता, पण गफ्फारनं तो कमी करत आणला तसा तो शेवटी फडफडला आणि एकदम गेला.

"हे नाही जमत," किसनराव म्हणाला. "असा एकदम अंधार झाला की लोकं शिट्ट्या मारतेत. मंग पुढचं वाक्य कोणी ऐकतच नाही."

तिसरा दिवा गफ्फारनं बारा सेकंदांत हळूहळू मंद करत नेला. उजेड कधी संपला ते कळलंच नाही. किसनराव अंधारात समोरच पाहत राहिला.

"गफ्फार, चालू हाय का बंद?"

"बंद केला कधीचा."

"मंग हाच."

तिसरा दिवा सगळ्यात महाग होता. अध्यक्ष वामनरावांना ते पटेना. वामनरावांचं बाजारात बी-बियाण्याचं मोठं दुकान होतं. अर्ध्या तालुक्याचं कपाशीचं बियाणं त्यांच्याकडून जायचं. "दिवा म्हणजे दिवा," ते मंडळाच्या बैठकीत म्हणाले. "लागला की दिसते, बंद केला की नाही दिसत. त्यात हळू काय अन जोरात काय?"

किसनराव उभा राहिला आणि बोलला. नाटक सुरू होताना माणसाला घरातून, शेतातून, बाजारातून सोडवून आणावं लागतं, ते काम हा दिवा करतो, असं काहीतरी. त्याला असं बोलता यायचं. वामनराव ऐकून घेत राहिले, बरं पाहतो म्हणाले. आठवड्यानं त्यांनी गफ्फारला बोलावलं. एका बियाणं कंपनीनं सगळ्या दिव्यांची देणगी कबूल केली होती. तिसरे दिवे, पूर्ण सभागृहाला.

गफ्फारनं किसनरावला फोन केला. "तुह्या भाषणानं काम झालं."

"जानेवारीत नाटक घेऊ," किसनराव म्हणाला. "तारीख धरून ठेव."

ते साल दोन हजार सतराचं. गफ्फार दिवे बसवत होता तेव्हाच देऊळघाटकडून बोंडअळीच्या गोष्टी यायला लागल्या. बियाणं अळी लागत नाही म्हणून विकलेलं; बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. किसनरावची पाचही एकरांतली कपाशी गेली. तालमीचं विचारलं की तो म्हणायचा, "पाहू."

डिसेंबरात दिवे पूर्ण झाले. पहिला कार्यक्रम नाटकाचा नव्हता, दिवे देणाऱ्या कंपनीचा शेतकरी मेळावा होता, सकाळी अकरा वाजता. सभागृह भरलं. माणसं पाठीमागं भिंतीला टेकून उभी होती. गफ्फार मागच्या केबिनमध्ये बसला होता, तिथून काचेतून सगळं दिसायचं. मंचावर वामनराव आणि कंपनीचे दोन साहेब.

एका साहेबानं सांगितलं की चूक बियाण्याची नाही. शेतकरी उभी कपाशी वेळेवर उपटत नाहीत, बियाण्याच्या पाकिटासोबत येणारं साध्या कपाशीचं लहान पाकीट बांधाच्या कडेनं पेरत नाहीत, म्हणून अळी वाढली.

चौथ्या रांगेतून किसनराव उठला. त्याच्या हातात पिशवी होती.

"साहेब, मी देऊळघाटचा किसनराव. वामनरावांच्या दुकानातून बियाणं घेतलं. लहान पाकीट चारही बाजूनं पेरलं. मागच्या साली कपाशीची पऱ्हाटी जानेवारीतच उपटली. तुम्ही सांगतलं ते सगळं केलं." त्यानं पिशवीतून बोंडं काढून वर धरली. "हे आजचे बोंडं हायेत. मले एकच सांगा, यात अळी कोठून आली?"

त्याला माईकची गरज नव्हती. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. लोक हलायला लागले. दोघंतिघं आणखी उठली. एक म्हातारा म्हणाला, "माहंही तसंच झालं."

गफ्फारचा मोबाइल वाजला. मंचावर वामनराव फोन कानाला लावून खाली मान घालून बसले होते.

"दिवे खाली घे. फिल्म लाव."

"भाऊसाहेब, किसनभाऊ बोलून राह्यला."

"मले दिसून राह्यलं ते. एकदम नको घेऊ, गोंधळ होईल. तुह्या पद्धतीनं घे. हळू."

गफ्फारचं बोट बटनावर होतं. अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलं आणि त्यानं दिवे घेतले नाहीत असं कधी झालं नव्हतं. त्यानं घेतले. बारा सेकंद. उजेड पाण्यासारखा ओसरत गेला, आणि माणसं सवयीनं समोर पाहायला लागली, खुर्च्यांत सावरून बसली. उठलेलेही बसले. कुणी शिट्टी मारली नाही. पडद्यावर हिरवं शेत आलं, मागं सनई. किसनरावचा आवाज थोडा वेळ येत होता. मग तोही थांबला.

दिवे परत लागले तेव्हा चौथ्या रांगेत त्याची खुर्ची रिकामी होती. खाली दोनचार बोंडं पडली होती. झाडणाऱ्या बाईनं ती दुपारी केरात भरली.

दोन दिवसांनी गफ्फार देऊळघाटला गेला. किसनराव शेतात उभी कपाशी उपटत होता. बायको झुंबरबाई बांधावर काड्यांच्या मोळ्या बांधत होती. तिनं गफ्फारला पाहिलं, "या भाऊ," म्हणाली आणि परत मोळी आवळायला लागली.

गफ्फार म्हणाला, "मी दिवे नाही घेतले असते, तं त्याईनं दुसऱ्याले घ्याले लावले असते."

"हाव."

"माहं पोट हाय तिथं, किसनभाऊ."

"मले माहीत हाय." किसनरावनं एक झाड उपटलं, मुळाची माती झटकली. "पण दुसऱ्याले असं जमलं नसतं. त्यानं खटकन बंद केले असते. लोकं ओरडले असते, लाइट लावा म्हणले असते. लागले असते दिवे." त्यानं ते झाड बाजूला टाकलं. "अंधार झाल्यावर बाजूच्यानं माह्या सदऱ्याले धरून मले खाली बसवलं. माह्याच गावचा. म्हणे, बस ना बे, दिसत नाही मागच्याईले."

गफ्फार पुढं झाला. तो वाकून एक झाड उपटायला लागला.

"राहू दे," किसनराव म्हणाला. रागानं नाही. "तुह्यानं नाही होत हे. हात सोलतेत."

गफ्फारनं हातातलं झाड सोडून दिलं. चहाचं कुणी विचारलं नाही. मग तो रस्त्याला लागला.

नवीन वर्षात वामनरावांनी त्याला मंडळात कायम केलं. आजवर तो कार्यक्रमागणिक पैसे घेत होता, आता महिन्याचा पगार सुरू झाला. बायको नूरबीनं घरी शिरखुर्मा केला. त्यानं खाल्ला.

जानेवारीतली नाटकाची तारीख वहीत अजून तशीच होती. ती खोडायची का, हे त्यानं किसनरावला फोनवर विचारलं. किसनराव म्हणाला, "खोड." दुसऱ्या दिवशी ती तारीख दुसऱ्या एका कंपनीनं घेतली. येत्या हंगामाचं नवीन बियाणं दाखवायचं होतं त्यांना. त्यांचा माणूस आधी येऊन सभागृह पाहून गेला, दिवे कमी-जास्त करून बघितले, आणि फार छान आहेत म्हणाला, कोणी निवडले?

"मंडळानं," गफ्फार म्हणाला.