मागच्या काचेतली पिवळी पाटी

जुनी, निळी आणि नाकावर आपटलेली अशी मी एक मोटारगाडी आहे, मित्रांनो. सध्या माझा मुक्काम इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडखाली असतो. जाता-येता लोक माझ्या चेपलेल्या नाकाकडे बघतात आणि हळहळतात. मला ते मुळीच आवडत नाही. कीव करण्यापेक्षा कुणी माझ्या काचेवरची धूळ पुसली तर मी जास्त खूश होईन.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कुणी दारं बसवली, कुणी रंग दिला, कुणी दिवे लावले. पण मला माणसांत आणलं ते काकूंनी. काकू म्हणजे माझ्या मालकीणबाई. त्या चष्म्याच्या दुकानात काम करतात. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतात आणि स्वतःचा चष्मा मात्र रोज माझ्या सीटवर विसरून जातात. मी घरी आले त्या दिवशी विमा एजंटनं माझ्या बॉनेटवर कागद पसरून त्यांना विचारलं होतं, "गाडीत कोण कोण बसणार?"

"मी आणि माझी लेक. आणखी कोण बसणार?" काकू म्हणाल्या.

तेव्हा ते अगदी खरं होतं. काकूंनी सगळ्यात साधा विमा घेतला आणि दरवर्षी तोच पुढे चालू ठेवला.

मग एका वर्षी शाळेची बस बंद झाली. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी आपल्या मुलीला अक्षरशः ओढत रस्त्यानं नेताना आम्हांला दिसल्या. त्या मुलीचं खरं नाव मला आजतागायत कळलेलं नाही. चणीनं एवढीशी आणि डोळे गोल, म्हणून सगळे तिला बटण म्हणतात. काकूंनी लगेच मला थांबवलं. "वहिनी, बसवा तिला. मागची जागा रिकामीच जातेय." पुढच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरचे जुळे भाऊ आले आणि बघता बघता माझी मागची सीट भरून गेली.

ते दिवस आठवले की अजूनही बरं वाटतं. खिडकीसाठी रोज भांडण! पेन्सिलींचा कचरा, बिस्किटांचा चुरा, सीटखाली हरवलेला एकेक मोजा. मी वरवर कुरकुर करायचे, पण शाळेला सुट्टी लागली की मला करमायचं नाही. इमारतीतले सगळे काकूंचं कौतुक करायचे. त्या कौतुकात कुणालाही तो जुना कागद आठवला नाही. काकूंनी एजंटला कळवलं नाही आणि मुलांच्या आईवडिलांनी काकूंना विचारलं नाही. विचारलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं प्रत्येकाला वाटलं असावं.

शाळेच्या कोपऱ्यावर मुलं उतरायला लागली की मागच्या गाड्या हॉर्न वाजवून जीव नकोसा करायच्या. एकदा तर एक मोटारसायकल जुळ्यांपैकी एकाच्या दप्तराला घासून गेली. दुसऱ्या दिवशी बटणनं आईच्या मशीनवर बसून अस्तराच्या पिवळ्या कापडाची एक पाटी शिवून आणली. लाल दोऱ्यानं, वेड्यावाकड्या अक्षरांत तिनं तिच्यावर लिहिलं होतं, 'शाळेची गाडी. हळू चला.' काकूंनी ती माझ्या मागच्या काचेत टांगली. खरं सांगते, त्या दिवसापासून मागच्या गाड्या हळू झाल्या. मला तर मोठा हुद्दा मिळाल्यासारखं वाटत होतं.

आणि मग ती सकाळ आली. वळणावर एक कुत्रं अचानक आडवं आलं. त्याला वाचवायला काकूंनी मला झटकन वळवलं आणि मी विजेच्या खांबावर आदळले. माझं नाक गेलं, त्याचं काही नाही. पण मागून बटणची किंकाळी आली आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. बाकीची मुलं बचावली, पण तिचा हात दारावर आपटला होता. कोपराचं हाड मोडलं. दवाखान्यात शस्त्रक्रिया करावी लागली.

काही दिवसांनी विमा कंपनीचा माणूस मला बघायला आला. माझ्याभोवती फिरला, फोटो काढले आणि मागच्या काचेपाशी येऊन थबकला.

"मॅडम, तुम्ही ही गाडी भाड्यानं चालवता?"

"छे हो! शेजारची मुलं आहेत. माझ्या लेकीबरोबर येतात."

"मग ही पाटी? विमा खाजगी गाडीचा आहे. शाळेची गाडी म्हणून चालवत असाल तर त्या मुलीच्या दुखापतीची भरपाई मिळणं अवघड आहे."

 काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. दवाखान्याचा खर्च कंपनीनं नाकारला तर तो काकूंवर तरी येणार होता, नाहीतर वहिनींवर तरी. दोघींनाही तो झेपणारा नव्हता.

त्या संध्याकाळी माझ्याच शेजारी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं.

"माझी पोर तुमच्यावर सोपवली होती मी, ताई. एका शब्दानं तरी सांगायचंत ना, विमा असला आहे म्हणून!"

"मी काय तुमचं वाईट केलं का, वहिनी? रोज उचलून नेत होते तुमच्या मुलीला. तुम्ही तरी कधी विचारलंत?"

"निदान ती पाटी तरी लावायची नव्हती! त्या मेल्या पाटीनंच सगळा घात केला."

तळमजल्याची खिडकी उघडी होती, मित्रांनो. खिडकीत बटण उभी होती, प्लास्टरमधला हात छातीशी धरून. मोठ्यांना ती दिसली नाही. मला दिसली, पण माझ्या हॉर्नची तार तुटलेली. मी ओरडून कुणाला सांगणार?

दोघींचं बोलणं बंद झालं. जिन्यात समोरासमोर आल्या तरी माना फिरवून जायच्या. आणि एका दुपारी बटण आईची मोठी कात्री घेऊन माझ्यापाशी आली. धक्क्यानं माझी डिकी वाकली होती, ती नीट लागत नव्हती. डाव्या हातानं तिनं ती कशीबशी वर केली, आत चढली आणि पाटी कापायला लागली. कात्री चालेना. ती रडत होती आणि कापत होती. एरवी मला माझ्या बिजागरीची लाज वाटते, पण त्या दिवशी ती जी करकरली, त्यानं दोघी बाहेर धावत आल्या.

"बटण! अगं, हात कापशील!" वहिनींनी कात्री काढून घेतली.

"ही मीच शिवली ना," बटण हुंदके देत म्हणाली. "ही काढली की विमा मिळेल. मग तुम्ही दोघी बोलाल ना?"

 मग काकू माझ्या डिकीत, धुळीतच, तिच्या शेजारी बसल्या. "बाळा, पाटी तुझी, पण चूक तुझी नाही गं. मी एकामागून एक मुलं गाडीत घेत गेले आणि विमेवाल्याला कळवलं नाही. चूक माझी आहे."

"आणि मी विचारलं नाही," वहिनी म्हणाल्या.  "तुझ्या पाटीवर खापर फोडलं. चुकलंच माझं."

दुसऱ्या दिवशी दोघी ती अर्धवट कापलेली पाटी घेऊन कंपनीत गेल्या. कुणी भाडं दिलं नव्हतं आणि घेतलं नव्हतं, असं वहिनींनी तिथे निक्षून सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, विचार करून कळवतो म्हणाले. उत्तर अजून आलेलं नाही. काकू रोज पोस्टमनची वाट बघतात. प्लास्टर निघालं आहे, पण बटणचा कोपर पूर्ण सरळ होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

मला दुरुस्त करणार की भंगारात देणार, ते मला ठाऊक नाही. पण आज सकाळी जे पाहिलं, ते तुम्हांला सांगावंसं वाटलं. समोरच्या घरातले एक भले गृहस्थ आपली नवी पांढरी गाडी घेऊन फाटकाशी थांबले. "वहिनी, बसवा मुलीला. मी शाळेकडेच चाललोय."

वहिनींनी दाराच्या मुठीला हात घातला आणि तसाच मागे घेतला. "भाऊ, रागावू नका हं. तुमच्या गाडीच्या विम्यात दुसऱ्यांची मुलं धरली आहेत का?"

ते गृहस्थ गोंधळले. "अं... बघावं लागेल."

"मग बघून सांगा. तुम्ही विचारलंत, त्यातच सगळं आलं. तोवर आम्ही चालत जातो."

मित्रांनो, तुम्हीही घरी जाऊन एवढं विचारा. विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

त्या मायलेकी माझ्यासमोरून गेल्या. वळताना बटणनं मला हात केला, पूर्ण सरळ न होणाऱ्या दुखऱ्या हातानं, जमेल तेवढा वर.