पावसात राहिलेलं काड

आमच्या शेडमध्ये शेगडीत जाळायच्या पेलेट तयार होतात. लाकडाचा भुसा यंत्रात दाबायचा, की बोटाएवढ्या कांड्या बाहेर पडतात. घरोघरी त्यांच्यावरच हिवाळा निघतो. पण शेजारची आरागिरणी बंद पडली आणि भुसाच मिळेनासा झाला. आता यंत्रात काय, आपलं कपाळ घालायचं?

नवऱ्याने आधी सूर्यफुलाची टरफलं आणली. झकास जळली, पण मिळाली जेमतेम टोपलीभर. मग गव्हाचं काड आणलं. ते हवं तेवढं मिळतं. कांड्या दिसायला अगदी सोनं! सासूबाईंच्या खोलीतल्या शेगडीत घातल्या, आणि संध्याकाळपर्यंत राख वितळून तिचा दगड झाला. शेगडी घुसमटून विझली. नवरा छिन्नी-हातोडी घेऊन दगड फोडायला बसला. सासूबाई दोन शाली गुंडाळून पलंगावरून म्हणाल्या, "शेगडी साफ करतोयस की माझे दात पाडतोयस?"

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी स्वारी एका दूरच्या शहरातल्या ट्रक कंपनीला नोकरीचा होकार कळवून मोकळी! महिनाअखेरीला निघायचं, घरी यायचं वर्षातून एकदा. मला विचारलंसुद्धा नाही. मी भांडले, अबोला धरला, मग अबोला सोडून पुन्हा भांडले. "काड अजून एकदा बारीक दळून बघू," एवढंच माझं म्हणणं होतं. शेवटी तो "बघू" म्हणाला. आमच्याकडे 'बघू' म्हणजे होकारच समजायचा.

मधेच नणंद आजारी पडली म्हणून आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. जाताना धाकट्या दिराला बजावलं, "भावजी, पाऊस आला तर ताडपत्री टाका." तिकडे आम्ही असेपर्यंत पावसाने उसंत घेतली नाही.

परत येऊन बघते तर काय! ताडपत्री पसरलेली, चारही कोपऱ्यांना विटा ठेवलेल्या, आणि खाली भुशाची जागा. तिथे झाडून गोळा केला तरी सूपभर भुसा निघाला नसता. काडाचे गठ्ठे मात्र उघड्यावर, भिजून करडे पडलेले.

"अहो भावजी, डोळे कुठे गहाण ठेवले होते?"

"वहिनी, इतकी वर्षं पाऊस आला की भुसाच झाकलाय," दीर पुटपुटला. "हात आपोआप तिकडेच गेले."

मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. पण दुसरं काड होतंच कुठे? शेडच्या जमिनीवर तेच पसरलं, पंखे लावून खडखडीत वाळवलं, बारीक दळलं. कांड्या निघाल्या मातकट, मरतुकड्या. नवरा म्हणाला, "ह्यांना कोण हात लावणार?" तरी त्याने सासूबाईंची शेगडी पेटवली. त्याची बॅग तोवर दारात येऊन बसली होती.

दिवस मावळला तरी शेगडी चालूच. सकाळी नवऱ्याने राखेचा कप्पा ओढला आणि सवयीने हातोडी उचलली. फोडायला काही नव्हतंच. मऊ, पिठासारखी राख! त्याने ती चिमटीत धरून चोळली, परत चोळली. काडातल्या क्षारांमुळे राख वितळते आणि पाऊस ते क्षार धुऊन नेतो, हे आम्हाला मागाहून कळलं. त्या वेळी एवढंच कळलं, की आमच्या वेंधळ्या दिराने अख्खं घर वाचवलं. मी तिथेच फतकल मारून रडले. दीर घाबरून म्हणाला, "आता काय केलं मी?"

नवरा फोन घेऊन उंबऱ्यावर गेला, एक पाय आत, एक बाहेर. ट्रक कंपनीचा साहेब पलीकडून काहीतरी बोलत होता. हा नुसता "हो, हो, कळतंय" करत राहिला. हो कशाला म्हणतोय मेला! माझा जीव टांगणीला.

खोलीतून सासूबाई ओरडल्या, "अरे, आत ये नाहीतर बाहेर जा! सगळी ऊब चाललीय."

"साहेब, माझं यायचं रद्द धरा," तो म्हणाला, आणि आत येऊन त्याने दार लावलं.