आर नसलेला भोवरा

मी एक भोवरा बोलतो आहे. स्वस्थ राहून बोलण्याची मला सवय नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

एका कातकाम करणाऱ्या कारागिराने चिवट लाकडाचा तुकडा यंत्रावर गरगरा फिरवून मला घडवले. शेवटी त्याने माझ्या टोकात लोखंडी खिळा ठोकला. त्याला आर म्हणतात. आरेवाचून भोवरा म्हणजे लाकडाचा गोळा. हे मी त्याच दिवशी ओळखले आणि पुढे कित्येक वर्षे त्या एवढ्याशा लोखंडाचा गर्व वाहिला.

मला तिघी शाळकरी मैत्रिणींनी मिळून घेतले. वय चौदाच्या आसपास. काडीसारखी म्हणून एक सुतळी. कुजबुजली तरी शेजारच्या वर्गात ऐकू जाई म्हणून दुसरी ढोल. आणि प्रत्येक गोष्टीत ‘हे काही बरं नव्हे’ म्हणणारी तिसरी आजी. वर्गातल्या मुलांनी हिणवले, ‘मुली कधी भोवरा खेळतात का?’ ढोल म्हणाली, ‘तुम्ही बसा की स्वेटर विणत. आम्ही नाही हसणार.’

शाळेमागे पाण्याच्या टाकीचा ओटा होता. तिथे त्यांनी एक नियम केला. जिने मला फिरवले तिने मी फिरतो आहे तोवर मनातले खरे बोलायचे. मी पडलो की विषय मिटला. त्यावर कोणी काही विचारायचे नाही.

एकदा ढोल म्हणाली, ‘बाईंच्या वहीवर शाई मी सांडली. उभं राहायची शिक्षा भलतीलाच झाली आणि मी गप्प बसले.’ मी पडलो. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ती आपणहून बाईंसमोर जाऊन उभी राहिली. सत्याला पुष्कळदा उपदेश लागत नाही, ऐकून घेणारे कान लागतात.

सुतळीची पाळी आली की मात्र ती मला झोकात फिरवी, तोंड उघडी, आणि मी पडायच्या आत काही न सांगताच मिटून घेई. भीती कबूल करणे तिला कधी जमले नाही.

पुढे आजी आईवडिलांबरोबर दूरच्या गावी गेली. ढोल आणि सुतळी आपापल्या कामाला लागल्या. मी सुतळीच्या वाट्याला आलो आणि एका खणात पडलो. माणसे आवडती वस्तू जपून ठेवतात, म्हणजे ती पुन्हा दिसणार नाही अशी सोय करतात. पंचवीस वर्षे मी त्या अंधारात तळमळत होतो.

मला बाहेर काढले सुतळीच्या सात वर्षांच्या मुलीने. ढोलमावशी तिला ठिणगी म्हणे. ठिणगीचे डोके रोज सकाळी दुखे, आणि एक डोळा तिरळा होऊ लागला होता. डोक्याचा एमआरआय करायचा ठरले. पहिल्या खेपेस यंत्राचा आवाज सुरू होताच ती किंचाळत बाहेर आली. डॉक्टर सुतळीला म्हणाले, ‘मूल हललं की चित्र पुसट येतं. आत काय आहे ते दिसल्याशिवाय मला पुढचं ठरवता येत नाही. आणखी एकदा बघू. नाहीच जमलं तर भूल द्यावी लागेल, आणि त्याची तारीख तीन आठवड्यांनी आहे. तेवढा वेळ आपल्या हातात आहे, असं मी म्हणणार नाही.’

दुसऱ्या खेपेस मी ठिणगीच्या मुठीत होतो. बाहेरच्या बाकावर एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला ढोलमावशी.

‘आई, तू घाबरलीस का?’

‘छे गं, त्यात काय घाबरायचं?’

‘हिच्या “छे”वर जाऊ नकोस,’ मावशी म्हणाली. ‘शाळेपासूनचं आहे ते.’

ठिणगीने मूठ उघडली. ‘फिरव याला.’ नियम तिला मावशीने सांगितला असणार.

सुतळीने दोरी गुंडाळली आणि त्या गुळगुळीत फरशीवर मला सोडले. मी असा फिरलो की जागचा हललो नाही. पहिल्यांदाच तिचे तोंड उघडले ते मिटले नाही. ‘हो. मी फार घाबरलेय. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही.’ मी पडलो. ठिणगीने आईचा गुडघा थोपटला आणि नियमाप्रमाणे काही विचारले नाही.

मग यंत्र चालवणारी ताई आली. ‘धातूचं काही? पिन, चावी, नाणं?’

‘काही नाही. कानातलंसुद्धा काढलंय.’

‘आणि हातात काय आहे तिच्या?’

‘भोवरा आहे, ताई. नुसतं लाकूड.’

सुतळी खोटे बोलली नाही. तिने घड्याळ काढले, केसांतले चाप काढले, पण माझ्यातले लोखंड तिला दिसलेच नाही. मी तिच्या लेखी वस्तू नव्हतो. तिचे चौदावे वर्ष होतो. दाराशी पोहोचलो तेव्हा मी कासावीस झालो. वाचा नसल्याचे दुःख मला तोवर ठाऊक नव्हते.

‘ताई,’ ठिणगी म्हणाली, ‘याला खाली खिळा आहे.’

खरे सांगितले तर आपला एकुलता एक आधार जाईल, हे तिला समजत होते. तरी तिने सांगितले. मोठी माणसे याहून फार थोड्यासाठी गप्प राहतात.

ताईचा चेहरा उतरला. ‘बरं झालं बोललीस गं. चुंबक आहे आत. गोळीसारखा सुटला असता हा.’

‘मग हा नाही येणार?’ ठिणगीने मला छातीशी घट्ट धरले.

‘खिळा काढला तर?’ ढोलमावशीने विचारले.

सुतळी माझ्याकडे पाहत राहिली. ‘मग हा फिरणार नाही.’

‘अगं, आपलं फिरवून झालं. आता तिची पाळी.’

शेजारच्या खोलीतला वायरमन पक्कड घेऊन आला. मी लपवीत नाही: मला ते नको होते. मी आर घट्ट धरून ठेवली. दोनदा पक्कड निसटली. तिसऱ्यांदा माझ्या मनात आले, परमेश्वर मागतो तेव्हा आपल्याजवळचे फुटकळ मागत नाही. मी सोडून दिले. ताईने हातातले छोटे चुंबक माझ्यावरून फिरवून पाहिले आणि मान हलवली.

आत ठिणगीच्या एका हातात मी होतो. दुसऱ्या हातात रबरी फुगा होता. दाबला की सगळे थांबणार. यंत्र ठोकू लागले, मग घरघरू लागले, मग कर्कश ओरडू लागले. तिच्या साऱ्या अंगाची थरथर मुठीत उतरली. माझ्या लाकडात तिची नखे रुतली. डोळ्यातले पाणी कानात गेले, तरी मान हलली नाही.

‘शाब्बास, ठिणगी. अजून एक हं.’ असे ताई सहा वेळा म्हणाली. सहाही वेळा तिला फुगा दाबता आला असता. तिने तो दाबला नाही.

चित्र स्वच्छ आले. त्यात एक गाठ होती. चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. डोक्यावर आता बोटभर केस आले आहेत, आणि डोळा सरळ आहे.

मी तिच्या टेबलावर असतो. उभा राहू शकत नाही. जरा धक्का लागला की गडगडतो. अस्वस्थपणा आरेबरोबर गेला नाही. परवा ढोलमावशी नवा खिळा आणि हातोडी घेऊन आली.

‘आत्ता नको, मावशी,’ ठिणगी म्हणाली. ‘दर तीन महिन्यांनी परत स्कॅन आहे. याला माझ्याबरोबर आत यायचंय. डॉक्टर म्हणतील ना आता बास, तेव्हा ठोकू.’

‘आणि ते कधी म्हणणार?’

‘पाच वर्षं तरी लागतील म्हणाले.’

मावशीने खिळा कागदात गुंडाळून खणात ठेवला. मी रोज त्या खणाकडे पाहतो.

तुम्ही प्रार्थना करीत असाल, तर त्यात मलाही थोडी जागा द्या. मला फिरण्याची फार ओढ आहे, पण ते मागू नका. एवढेच मागा, की त्या मुलीला त्या दारातून आत जावे लागणार नाही असा दिवस उजाडो, आणि हातोडीचा तो घाव माझ्या माथी पडो.