पल्लवीने निवडलेली रबरी मॅट

मित्रांनो, मी एक जुनी मॅट आहे. दारात पाय पुसायला टाकतात तसली नव्हे. मी मुळशीतल्या एका पिकअपमधली, ड्रायव्हरच्या पायाखाली राहिलेली मॅट आहे. माझं वय सहा वर्षं. आमच्यात एवढं आयुष्य फार थोड्यांना मिळतं.

तापलेल्या साच्यात रबर दाबलं आणि माझा जन्म झाला. जाड, काळी, कडा बोटभर उंच, वरून खोल खाचा, खाली बारीक खुंट्या आणि मागच्या कोपऱ्यांत हुकासाठी दोन भोकं. अशी गुणी मॅट लगेच विकली जाईल, असं मला वाटलं होतं. पण पिरंगुटला ऋषिकेशच्या दुकानात मी आठ महिने खिळ्याला टांगून होते. शेजारच्या लाल मखमली मॅट चार दिवसांत विकल्या जात. माझा मात्र वास येतो म्हणून गिऱ्हाइकं पुढे सरकत.

एका सकाळी पल्लवी आली. ती आपल्या गावाकडचं दूध आणि भाजी पिकअपमधून लवळ्याच्या वसतिगृहांच्या कँटीनला पोचवते. बरोबर तिचे वडील बहिरू होते. तीस वर्षं गाडी चालवून त्यांचा गुडघा गेला, तेव्हा त्यांनी स्टिअरिंग लेकीच्या हाती दिलं होतं.

ऋषिकेशने मखमली मॅट पुढे केली. "ही न्या ताई. केबिनला शोभा येईल."

"शोभंचीच आणली व्हती दादा," पल्लवी म्हणाली. "आमच्या गाडीत खाली विनाइल हाय. गुळगुळीत. कापडी मॅट त्याच्यावर ओली झाली की साबणावानी सरकती. परवा लवळ्याच्या उतारावर पुढं सरकली न् ब्रेकखाली गोळा झाली. ब्रेक दाबतीया, पण तो जाईच ना. हँडब्रेक ओढला, तवा गाडी थांबली. पुढं चार हातांवर कॉलेजच्या पोरी उभ्या व्हत्या."

बहिरू खाली बघत म्हणाले, "मी आणली व्हती ती. हौसंनं. पोरीच्या पायाला मऊ लागावं म्हणून."

पल्लवी वडिलांचा हात धरून म्हणाली, "मऊ व्हतीच आबा. पण माझ्या पायाला ब्रेक घावला पायजे."

तिने मला खिळ्यावरून उतरवलं आणि थेट गाडीत नेलं. आधी विनाइल कोरडं पुसलं. मला अंथरून टाचेने पुढे ढकलून पाहिलं. माझ्या खुंट्यांनी जमीन घट्ट धरली. मग तिने क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर एकेक करून तळापर्यंत दाबले. माझी कड कशालाच लागली नाही. ऋषिकेशने खाली दोन हुक बसवून दिले आणि विचारलं, "हिच्यावर एखादी पातळ मॅट टाकू का? रंगीत?"

"न्हाई. एकच पुरं."

बहिरू मात्र पुटपुटले, "चपलेचा तळवा दिसतोय निसता!"

मित्रांनो, मला ते लागलं. पण मी कामाला लागले. सांडलेलं दूध, कोथिंबिरीचं पाणी, वावरातला चिखल सगळं माझ्या खाचांत राही. खालच्या विनाइलला थेंब लागत नसे. पल्लवी दर शनिवारी मला नळाखाली घासून उन्हात वाळवी आणि हुक अडकवून परत बसवी. पाच वर्षं मी बोटभरही सरकले नाही.

सहाव्या वर्षी, भातलावणीच्या दिवसांत, भर दुपारी वरच्या वाडीचा देवू आईला पाठुंगळी घेऊन धावत आला. आईच्या, कोंडाबाईंच्या, पायाला खाचरात साप चावला होता. पल्लवीने त्यांना केबिनमध्ये बसवलं. "मावशी, पाय हलवू नका. आत्ता दवाखान्यात पोचतो आपण." देवू आणि बहिरू मागे चढले.

पण डांबरी सडक शंभर पावलांवर असताना मागचं चाक चिखलात गेलं. पल्लवीने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, चाक जागीच फिरलं आणि आणखी खोल रुतलं. दगड घातले, फांद्या घातल्या. चाकाने सगळं गिळलं. कोंडाबाईंच्या पापण्या मिटू लागल्या. देवू रडवेला झाला. "आई, डोळं उघड गं!"

तेवढ्यात बहिरू ओरडले, "पल्लवे, मॅट काढ! ती धरंल!"

पल्लवीने हुक सोडले. बहिरूंनी मला चाकापुढे खोल रेटलं. मग ते आणि देवू गाडीला मागून ढकलू लागले. चाक माझ्यावर चढलं. सगळ्या गाडीचं वजन माझ्या पाठीवर आलं. माझा एक कोपरा हुकाच्या भोकासकट फाटला. मी खाली चिखल धरला आणि वर चाक धरलं. गाडीला हिसका बसला आणि ती बाहेर निघाली!

"थांबू नगंस!" बहिरू ओरडले. "थांबलीस तर परत रुतंल!" देवूने धावत मागची फळी पकडली आणि तो वर चढला. बहिरूंचा गुडघा धावणार नव्हता. गाडी सडकेला लागली. मागे आम्ही दोघं उरलो.

त्यांनी मला दोन्ही हातांनी चिखलातून उपसलं आणि ओढ्यात नेऊन धुतलं. फाटका कोपरा बघून ते म्हणाले, "पोरीनं बराबर निवडली व्हती. मलाच कळलं न्हाई." पाऊस वाढला तसं त्यांनी मला डोक्यावर धरलं आणि लंगडत घराकडे निघाले. तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाच्या डोक्यावर मी होते. तेवढा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

संध्याकाळी पल्लवी घरी आली. "वेळेवर विषावरची सुई मिळाली, आबा. मावशी वाचल्या." बहिरूंनी मला तिच्यापुढे ठेवलं.

मग तिने मला उलटसुलट करून पाहिलं. ड्रायव्हरच्या पायाखाली एकाच हुकावर धरलेली मॅट ती ठेवणार नव्हती. मला वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं. माझ्या जागी माझ्यासारखीच नवी रबरी मॅट आली. ती आणायला बहिरू एकटेच गेले होते. मला मात्र पल्लवीने टाकलं नाही. शेजारच्या सीटपुढे बसवलं.

महिन्याभराने कोंडाबाई रानभाजीची पाटी घेऊन सडकेवर उभ्या होत्या. पल्लवीने दार उघडलं. माझ्याकडे बघून त्या थबकल्या. "पाय चिखलाचं हायेत गं."

"ठेवा की मावशी. तिला सवय हाय."

त्यांनी आधी बरा पाय ठेवला. मग तो दुसरा, अजून थोडा सुजलेला.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपल्या गाडीत वाकून बघा. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट सरकते का? ब्रेकपाशी बाटली पडली आहे का? एकावर एक दोन मॅट घातल्या आहेत का? तसं असेल तर लगेच सांगा. मोठी माणसं हसली तरी सांगा. आणि अधूनमधून आम्हाला धूत जा. आम्ही खाली असतो, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही; पण तुमच्या घरी सुखरूप येणाऱ्या माणसाचे पाय आमच्यावर असतात.